अभियंता जेव्हा कंपनी कायद्याकडे वळतो

वर्धा शहरालगतच्या भूगाव येथील पोलाद कारखान्याने गेल्या तीन दशकांत अनेक नावे धारण केली. प्रारंभी तो लॉइड्स स्टील म्हणून ओळखला जाई. २०१० च्या दशकाच्या आरंभी तो उत्तम गाल्वा समूहाकडे गेला आणि उत्तम व्हॅल्यू स्टील्स झाला. त्याच आवारालगत उत्तम गाल्वा मेटॅलिक्स ही कच्चे लोखंड तयार करणारी भगिनी कंपनी होती. २०१८ मध्ये या दोन्ही कंपन्यांविरुद्ध नादारी व दिवाळखोरी संहितेखाली कार्यवाही सुरू झाली. २०२० मध्ये कारव्हॅल इन्व्हेस्टर्स आणि निथिया कॅपिटल यांनी संयुक्तपणे मांडलेली निराकरण योजना मंजूर झाली आणि पुढे कारखान्यास एव्होनिथ हे नाव मिळाले. भट्ट्या भूगावात, कामगार आसपासच्या गावांतले, माल वाहणारे ट्रक वर्ध्याचे. पण कारखान्याचे भवितव्य ठरले ते राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात, कागदांच्या गठ्ठ्यांवरून.

असे कागद ज्यांच्या हातून जातात, त्या वकिलांपैकी किती जणांनी चालू भट्टी जवळून पाहिलेली असते, हा प्रश्न गैरलागू नाही. पोलाद, वीज, रसायने, वाहने, दूरसंचार, महामार्ग अशा क्षेत्रांतील कंपन्यांचे करार, विलीनीकरणे, कर्जे आणि तंटे यांच्या मुळाशी एखादे यंत्र, एखादी प्रक्रिया किंवा एखादे बांधकाम असते. त्यामुळे अभियांत्रिकीची पदवी घेऊन कायद्याकडे वळणाऱ्यांचा एक लहानसा प्रवाह देशात निर्माण झाला आहे. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जिथे सेवाग्रामचे बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून अभियंते घडवीत आहे आणि शिक्षा मंडळाची बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी २०१७ पासून त्यात भर घालीत आहे, तिथे हा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. अभियंता झालेल्या मुलाने वा मुलीने पुन्हा तीन वर्षे कायदा शिकायचा, तर आधीची चार वर्षे वाया गेली असे समजायचे काय?

याचे एक ठरावीक उत्तर दिले जाते. अभियांत्रिकीमुळे तर्कशुद्ध विचार करण्याची सवय लागते आणि ती कायद्यात उपयोगी पडते, असे सांगितले जाते. हे उत्तर फारसे खरे नाही. तर्कशुद्ध विचार गणित, तत्त्वज्ञान किंवा संस्कृत व्याकरण शिकलेल्यांनाही करता येतो. अभियंत्याचा खरा लाभ अधिक मर्यादित आणि अधिक ठोस आहे. कागदावर वर्णिलेली वस्तू प्रत्यक्षात काय करते, हे त्याला विचारता येते. आणि त्याचे खरे नुकसानही याच शिक्षणातून येते, ते असे की प्रत्येक प्रश्नास एकच बरोबर उत्तर असते, अशी त्याची समजूत होऊन बसते.

चालता कारखाना कशास म्हणावे?

दिवाळखोरीच्या कायद्याचा भर कंपनी ‘चालू स्थितीत’ राखण्यावर आहे. कार्यवाही सुरू झाली की संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होतात आणि निराकरण व्यावसायिक कारभार हाती घेतो. मालमत्तेचे रक्षण करणे आणि धंदा चालू ठेवणे ही त्याची कर्तव्ये होत. वाचताना हे सरळ वाटते. पण झोतभट्टीच्या बाबतीत ‘चालू ठेवणे’ याचा अर्थ काय? अशी भट्टी एखाद्या दुकानाप्रमाणे आज बंद करून पुढच्या महिन्यात उघडता येत नाही. तिच्यातील उष्णता गेली, आतील लोखंड व मळी गोठली, की अस्तराची हानी होते आणि ती पुन्हा पेटविण्यास मोठा खर्च व दीर्घ काळ लागतो. तेव्हा कोकचा पुरवठा आठवडाभर थांबणे ही केवळ व्यापारी अडचण राहत नाही. ज्या मालमत्तेचे मूल्य राखण्यासाठी सारी कार्यवाही चालली आहे, ते मूल्यच त्या आठवड्यात घटू शकते.

याच ठिकाणी कायद्याच्या शब्दांशी गाठ पडते. संहितेच्या कलम १४ नुसार स्थगितीच्या काळात कंपनीचा ‘अत्यावश्यक’ पुरवठा तोडता येत नाही. नियमांत असा पुरवठा म्हणून वीज, पाणी, दूरसंचार आणि माहिती तंत्रज्ञान या चारच गोष्टी दिलेल्या आहेत, आणि त्यांनाही एक अट जोडलेली आहे. त्या गोष्टी कंपनीच्या उत्पादनात थेट वापरल्या जात नसाव्यात. नियमातले उदाहरण असे की, पिण्यासाठी व स्वच्छतेसाठी दिलेले पाणी अत्यावश्यक. जलविद्युत निर्मितीसाठी दिलेले पाणी तसे नव्हे.

आता विद्युत भट्टीत पोलाद वितळविणाऱ्या कारखान्याचा विचार करावा. तेथील वीज कार्यालयातले दिवेही पेटविते आणि पोलादही वितळविते. त्यापैकी किती वीज ‘थेट उत्पादनात’ गेली? भट्टीचे कवच थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपांची वीज कोणत्या बाजूस मोजायची? ते पाणी पोलादात जात नाही. पण ते थांबले तर भट्टीच राहत नाही. केवळ कायदा शिकलेला वकील हा वाद ‘प्रत्यक्ष’ आणि ‘अप्रत्यक्ष’ या शब्दांच्या कोशार्थावर लढवील. ज्याने कारखान्याचा वीज-आराखडा वाचला आहे तो कोणत्या फीडरवर कोणती यंत्रे आहेत, कोणत्या मीटरवर किती युनिटांची नोंद होते आणि कोणता भार तोडला तर सुरक्षिततेस धोका आहे, हे मागवून घेईल. न्यायाधिकरणापुढे ठेवायचे प्रतिज्ञापत्र या दुसऱ्या मार्गाने अधिक भक्कम होते.

भूगावच्या कंपन्या २०१८ मध्ये कार्यवाहीत आल्या, तेव्हा कायदा एवढाच होता. डिसेंबर २०१९ पासून कलम १४ मध्ये एक उपकलम घातले गेले. निराकरण व्यावसायिकास एखादा पुरवठा कंपनीचे मूल्य राखण्यासाठी निर्णायक वाटला, तर स्थगितीच्या काळातील देयके चुकती होत असेपर्यंत तोही तोडता येत नाही, अशी ती तरतूद आहे. चार वस्तूंची बंद यादी अशा रीतीने सैल झाली. ही सुधारणा वाचताना अभियंत्यास समाधान वाटते, कारण यंत्राचे वास्तव उशिरा का होईना, कायद्यात उतरले.

मूल्यांकनाच्या टप्प्यावर अभियंत्याचे स्थान तर कायद्यानेच मान्य केले आहे. कंपनीचे वाजवी मूल्य आणि अवसायन मूल्य काढण्यासाठी दोन नोंदणीकृत मूल्यांकक नेमले जातात आणि मालसाठा व स्थावर मालमत्ता प्रत्यक्ष पाहूनच त्यांनी आकडे द्यावयाचे असतात. २०१७ च्या नियमांनुसार ‘यंत्रे व सामग्री’ या वर्गातील मूल्यांकक हा यांत्रिकी, विद्युत यांसारख्या शाखेचा पदवीधर असावा लागतो. त्या दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत पडली, की ती वाचणारा वकीलही त्याच भाषेतला असेल तर प्रश्न योग्य जागी विचारले जातात.

वर्धा जिल्ह्यातच मांडवा येथे लॅन्को समूहाने हाती घेतलेला औष्णिक वीज प्रकल्प याचे दुसरे, अधिक खिन्न उदाहरण आहे. प्रत्येकी ६६० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे एकूण १३२० मेगावॅट क्षमता नियोजित होती. काम अर्ध्यावर थांबले. समूहाची मुख्य कंपनी लॅन्को इन्फ्राटेक ही जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिवाळखोरी कार्यवाहीसाठी निवडलेल्या पहिल्या १२ मोठ्या कर्जदारांपैकी एक होती आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला. अपुऱ्या वीज प्रकल्पाचे मोल करणे हे पुऱ्या प्रकल्पाचे मोल करण्यापेक्षा अवघड. ताळेबंदात ‘प्रगतिपथावरील भांडवली काम’ या एका ओळीत येणारी रक्कम जागेवर मात्र पायांचे काँक्रीट, उघड्यावर पडलेले बाष्पकाचे भाग, वेष्टन न फोडलेल्या पेट्या आणि मुदत संपलेल्या हमीपत्रांच्या रूपात विखुरलेली असते. यांतले काय दुसऱ्या संचास बसेल आणि काय भंगार म्हणूनच विकले जाईल, हे ठरविणारा प्रश्न तांत्रिक आहे. त्याचे परिणाम मात्र बँकांच्या वसुलीपासून जमीन दिलेल्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतात.

दोन स्पार्क प्लगांचा वाद

वर्धा ही जमनालाल बजाज यांची कर्मभूमी. त्यांच्या नावाने १९२६ पासून चालत आलेल्या उद्योगसमूहातील बजाज ऑटो ही पुण्याच्या आकुर्डीची कंपनी. तिने आणि तमिळनाडूच्या टीव्हीएस मोटरने लढविलेला खटला तंत्रज्ञान व कायदा यांच्या सांध्यावरचा भारतातील सर्वाधिक चर्चिलेल्या खटल्यांपैकी एक ठरला. बजाजने जुलै २००२ मध्ये लहान इंजिनातील दोन स्पार्क प्लगांच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज केला. २००५ मध्ये पेटंट मिळाले. डीटीएस-आय या नावाने ही रचना बाजारात आली होती. ऑगस्ट २००७ मध्ये टीव्हीएसने फ्लेम ही १२५ सीसीची दुचाकी जाहीर केली. तिच्यातही दोन स्पार्क प्लग होते. दोन्ही कंपन्यांनी मद्रास उच्च न्यायालयात परस्परांविरुद्ध दावे दाखल केले.

या वादाचा गाभा न्यायालयीन भाषेत सांगण्यापूर्वी इंजिनाच्या भाषेत सांगावा लागतो. इंधन वाचविण्यासाठी मिश्रणात हवेचे प्रमाण वाढविले, की ते सावकाश जळते. सिलिंडरच्या दोन बाजूंस दोन प्लग ठेवून एकाच वेळी ठिणगी पाडली, तर ज्वालेस कमी अंतर कापावे लागते आणि विरळ मिश्रणही वेळेत जळते. दोन प्लगांची कल्पना जुनी होती. होंडाचे एक जुने अमेरिकी पेटंट टीव्हीएसने पुढे केले. बजाजचे म्हणणे असे की, ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या लहान सिलिंडरमध्ये हा मेळ साधणे हीच नवी गोष्ट होती. टीव्हीएसने त्यावर आपल्या इंजिनात दोनऐवजी तीन झडपा आहेत, म्हणून ती रचनाच वेगळी, असा बचाव केला.

मग खरा प्रश्न असा झाला: तिसरी झडप ही मूळ शोधाला चिकटलेली एक भर आहे, की तिच्यामुळे ज्वलनाची रीतच बदलते? फेब्रुवारी २००८ मध्ये एकलपीठाने टीव्हीएसला तात्पुरती मनाई केली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठविली. एकाच इंजिनाकडे दोन न्यायपीठांनी निरनिराळ्या नजरेने पाहिले. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तांत्रिक प्रश्नात न शिरता टीव्हीएसला विक्रीची मुभा ठेवली, विक्रीचा चोख हिशेब राखण्यास सांगितले आणि असे बौद्धिक संपदेचे दावे दिवसेंदिवस सुनावणी घेऊन, सामान्यतः चार महिन्यांत निकाली काढावेत, असे बजावले. हा दावा मात्र तसा निकाली निघाला नाही. २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी आपसांत तडजोड केली. तोवर फ्लेमचा काळ सरून गेला होता.

पेटंटचा हक्क ठरतो तो दाव्याच्या काही ओळींवर. त्या ओळींत ‘असलेला’ हा शब्द कुठे बसला, व्यासाची मर्यादा कितीपासून कितीपर्यंत लिहिली, झडपांची संख्या मुद्दाम सांगितली की सोडून दिली, यांवर कोट्यवधींचे उत्पादन अडते किंवा सुटते. संशोधकाकडून माहिती घेऊन या ओळी लिहिणारी व्यक्ती अभियंता नसेल, तर ती संशोधकाने सांगितले तेवढेच लिहील. प्रतिस्पर्धी कोणता बदल करून निसटेल, हे तिला सुचणार नाही. म्हणूनच पेटंट अभिकर्ता होण्यासाठी पेटंट कायद्याच्या कलम १२६ नुसार विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी सक्तीची आहे. वकिलीच्या लगतच्या क्षेत्रांत पदवीची इतकी स्पष्ट अट अन्यत्र क्वचितच आढळते. न्यायालयालाही कलम ११५ खाली स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार नेमण्याचा अधिकार आहे.

सूत्र आणि ‘वाजवी भरपाई’

येथपर्यंत अभियंत्याची बाजू वरचढ दिसते. पण कंपनी वकिलीच्या पहिल्याच वर्षी त्याला धक्के बसतात, आणि ते बहुधा कराराच्या कायद्यातून बसतात.

पुरवठ्याच्या वा बांधकामाच्या करारात विलंबाबद्दल दंडाचे कलम असते: दर आठवड्यास किंमतीच्या अमुक टक्के, कमाल अमुक टक्के. अभियंत्याच्या नजरेत हे सूत्र आहे. आठवडे मोजावेत, गुणाकार करावा, रक्कम वळती करावी. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ७४ मात्र असे म्हणत नाही. करारात लिहिलेली रक्कम ही त्या कलमानुसार कमाल मर्यादा ठरते आणि तिच्या आत ‘वाजवी भरपाई’ मिळू शकते. वाजवी किती, हे न्यायालय किंवा लवाद ठरवितो.

२००३ च्या ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या निकालाचा विषय तेलविहिरींसाठी लागणारे पोलादी पाइप हाच होता. युरोपातील पोलाद कामगारांच्या संपामुळे माल उशिरा पोहोचला. ओएनजीसीने दंड कापला. नुकसान सिद्ध झाले नाही, या कारणास्तव लवादाने ती कपात अमान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निवाडा फिरविला. दोन्ही बाजूंनी आधीच केलेला नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल, तर प्रत्यक्ष तोटा सिद्ध करण्याची गरज नाही, असा त्या निकालाचा आशय. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात त्याच न्यायालयाने सांगितले की, तोटा झालाच नसेल तर भरपाईही नाही. तोटा मोजणे अशक्यप्राय असेल तेव्हाच ठरीव रक्कम जशीच्या तशी मिळू शकते. एकच कलम, पण दोन निकालांचा भर निराळा. दोन्ही एकत्र वाचून आपल्या अशिलाचा करार कोणत्या बाजूस झुकतो, हे सांगणे हे वकिलाचे काम. याला सूत्र नाही.

दिवाळखोरीच्या कायद्यात हाच धक्का अधिक मोठा असतो. कोणती निराकरण योजना तांत्रिकदृष्ट्या उत्तम, हे न्यायाधिकरण ठरवीत नाही. वित्तीय धनकोंच्या समितीने ६६ टक्के मतांनी योजना मंजूर केली, की त्या निर्णयामागील व्यापारी शहाणपणात न्यायाधिकरण सहसा हात घालीत नाही. २०१९ च्या एस्सार स्टील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे मांडले. भट्टीचे आयुष्य किती, कोकचा दर काय, याचा बारकाईने अभ्यास केलेल्या अभियंत्यास येथे थांबून घ्यावे लागते. प्रश्न ‘काय बरोबर’ हा नसून ‘ठरविण्याचा अधिकार कोणाचा’ हा असतो. शिवाय या समितीत माल व सेवा पुरविणाऱ्या धनकोंना सामान्यतः मत नसते. म्हणजे कारखान्याला सुटे भाग देणारा वर्ध्याचा वर्कशॉपवाला किंवा ट्रकमालक आपल्या थकबाकीचा दावा दाखल करू शकतो, पण योजनेवर मत देऊ शकत नाही. यातील न्याय-अन्यायाची चर्चा कायद्याच्या विद्यार्थ्याने केलीच पाहिजे. अभियंत्याला तिची सवय नसते, ती लावून घ्यावी लागते.

शब्दांचीही फसगत असते. कंपनी विधी न्यायाधिकरणात ‘तांत्रिक सदस्य’ असे पद आहे. ते ऐकून यंत्रे जाणणारी व्यक्ती बसली असेल, असे अभियंत्यास वाटते. प्रत्यक्षात कंपनी कायद्यातील पात्रता पाहिली तर ती सेवेतील अधिकारी, सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा औद्योगिक वित्त व व्यवस्थापनाचा अनुभव असलेल्यांना उद्देशून आहे. भट्टीची गोष्ट तेथे सांगायची ती न्यायाधीशास समजेल अशा साध्या भाषेत, आणि ही कला अभियांत्रिकीच्या वर्गात कोणी शिकवीत नाही.

याउलट, कलमे रचण्याच्या कामात अभियंत्याची शिस्त उपयोगी पडते. व्याख्या एकदाच द्यावी, तोच शब्द सर्वत्र वापरावा, एक कलम दुसऱ्याच्या आड येऊ नये, हे तो आराखड्याप्रमाणे तपासतो. याचे एक अनपेक्षित पूर्वोदाहरण वर्ध्याच्या इतिहासात आहे. मॉरिस फ्रिडमन हे मूळचे पोलंडचे विद्युत अभियंते. बंगळुरूच्या कारखान्यातील नोकरी सोडून ते गांधीजींच्या सहवासात आले आणि सूत कातण्याच्या धनुष तकलीसाठी ओळखले जाऊ लागले. याच फ्रिडमन यांनी औंध संस्थानाच्या १९३९ च्या स्वराज्य संविधानाचा मसुदा तयार करण्यात हातभार लावला. गांधीजींशी त्यावर चर्चा झाली ती सेवाग्रामात. कंपनी कायद्याशी याचा संबंध नाही, हे खरे. पण यंत्र रचणारा माणूस ग्रामपंचायतीपासून वर चढणारी सत्तेची रचना कागदावर उतरवू शकला, एवढे त्यातून दिसते.

सातबारा आणि नकाशा

कारखाना विकत घेण्यापूर्वी जमिनीच्या मालकीची छाननी करावी लागते. येथे वर्ध्याच्या मराठी अभियंत्यास दुहेरी लाभ आहे. सातबारा, फेरफार, मोजणी नकाशा हे कागद मराठीत असतात, आणि सर्वेक्षण शिकलेल्या स्थापत्य अभियंत्यास नकाशावरील हद्द व जागेवरील कुंपण यांतला फरक ओळखता येतो. विदर्भात आणखी एक गुंता संभवतो. विनोबांच्या भूदान चळवळीत मिळालेल्या जमिनी येथे अजूनही मध्य प्रदेश भूदान यज्ञ अधिनियम, १९५३ च्या अधीन आहेत. कारण १९५६ पर्यंत विदर्भ त्या राज्यात होता. अशा जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. ‘भोगवटादार वर्ग २’ ही सातबाऱ्यावरील नोंद पाहूनही न थबकणारा मुंबईचा वकील व्यवहार अडचणीत आणू शकतो. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून आणि सिंदी येथे मालवाहतुकीचे केंद्र आकारास येऊ लागल्यापासून अशा छाननीचे महत्त्व वाढले आहे.

वाट आणि तिची किंमत

मार्ग असा आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. अभ्यासक्रम करता येतो. खुल्या वर्गासाठी पदवीस किमान ४५ टक्के गुण लागतात. राखीव वर्गांना सवलत आहे. महाराष्ट्रात प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. वर्ध्याहून सुमारे ७५ किलोमीटरवरील नागपुरात विद्यापीठाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आहे. केवळ अभियंते व विज्ञान पदवीधर यांना डोळ्यांपुढे ठेवून बौद्धिक संपदेवर भर देणारा एलएल.बी. अभ्यासक्रम आयआयटी खरगपूरच्या राजीव गांधी बौद्धिक संपदा विधी विद्यालयाने २००६ मध्ये सुरू केला. पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थाही नागपुरातच आहे; तिचा उपयोग विदर्भातील अभियंते फारसा करून घेताना दिसत नाहीत.

पदवीनंतर राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी आणि २०१० पासून लागू झालेली अखिल भारतीय बार परीक्षा. पेटंट अभिकर्त्याची परीक्षा निराळी असते आणि तिला एलएल.बी. लागत नाही. ज्याला केवळ पेटंटचे मसुदे लिहायचे आहेत, त्याने आधी ही परीक्षा द्यावी व कायद्याच्या पदवीचा विचार नंतर करावा, हे अधिक शहाणपणाचे.

अडचणी मात्र घरात बसून आधीच मोजाव्यात. बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी करीत एलएल.बी. उरकून टाकू, असा अनेकांचा बेत असतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत ७० टक्के उपस्थितीची अट आहे, आणि पत्राद्वारे घेतलेली कायद्याची पदवी वकिलीच्या नोंदणीस चालत नाही. म्हणजे तीन वर्षे पगार सोडावा लागतो किंवा हजेरीपटाशी तडजोड करावी लागते. दुसरा मार्ग अनेकजण धरतात आणि पुढे मुलाखतीत तो उघडा पडतो. बाविसाव्या वर्षी अभियंता झालेला विद्यार्थी पंचविशीत वकील होतो, तेव्हा त्याच्या वर्गमित्रांना तीन वर्षांचा अनुभव व पगारवाढी मिळालेल्या असतात. हा मात्र एखाद्या कार्यालयात फायली वाचण्यापासून सुरुवात करतो. पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम केलेल्या, राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या सहकाऱ्यांशी त्याला स्पर्धा करायची असते. इंग्रजीत चाळीस पानी करार रचण्याचा सराव त्यांच्याकडे असतो, त्याच्याकडे नसतो. ही उणीव पहिल्या दोन वर्षांत भरून न काढल्यास अभियांत्रिकीची पदवी परिचयपत्रावरील एक ओळ होऊन राहते.

या हिशेबात आणखी एक गोष्ट धरावी. पदवी घेऊन थेट कायद्याकडे वळलेला आणि दोन-तीन वर्षे कारखान्यात, प्रकल्पस्थळी किंवा संगणक कंपनीत काम करून वळलेला, या दोघांत फार अंतर असते. पहिल्याने झोतभट्टी पुस्तकात पाहिलेली असते. दुसऱ्याने मोजमाप-पुस्तिकेत नोंदी केलेल्या असतात, कंत्राटदाराशी देयकावरून भांडण केलेले असते, चाचणी अहवालावर सही करण्यापूर्वी रात्र जागून काढलेली असते. ‘कार्यपूर्तीचे प्रमाणपत्र’ हे करारातले शब्द वाचताना त्या प्रमाणपत्रासाठी दोन्ही बाजू काय काय करतात, हे त्याला ठाऊक असते. कंपन्या व मोठ्या विधी संस्था अशा उमेदवारास जे मोल देतात, ते पदवीपेक्षा या अनुभवाला असते.

अखेरची निवड जागेची. विधी संस्थेत किंवा न्यायालयात वकिली करायची, की एखाद्या कंपनीच्या विधी विभागात नोकरी धरायची? बार कौन्सिलच्या नियमानुसार पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यास वकिली करता येत नाही. नोकरीच्या काळात सनद स्थगित ठेवावी लागते. कंपनीत राहिल्यास यंत्रांच्या जवळ राहता येते आणि करार होण्यापूर्वीच चूक पकडता येते; पण न्यायाधिकरणापुढे उभे राहून ती भट्टी समजावून सांगण्याचे काम बाहेरच्या वकिलाकडे जाते. कंपनी विधी न्यायाधिकरणाचे महाराष्ट्रासाठीचे खंडपीठ मुंबईत असल्याने, ते काम स्वतः करू इच्छिणाऱ्या वर्ध्याच्या अभियंत्यास आज तरी गाव सोडावेच लागते. पेटंटचे मसुदे, जमिनीची छाननी आणि करारांची तपासणी ही कामे मात्र वर्ध्यात बसूनही करता येतात. पेटंट कार्यालयाकडे अर्ज आता संगणकाद्वारे जातात आणि सातबाऱ्याची प्रतही तशीच मिळते; जमीन पाहण्यासाठी तेवढे मोजणी नकाशा हाती घेऊन शेतात जावे लागते.